ऊसदराचा नियम आणि आज्ञावलीचे पहिले धडे

संगणकाकडून काम करून घेण्यासाठी क्रमाने लिहिलेल्या सूचनांच्या संचाला आज्ञावली म्हणतात. ती लिहायला शिकणाऱ्याची पहिल्या काही पाठांतच तीन संकल्पनांशी गाठ पडते. त्या म्हणजे स्थिरांक, तार्किक क्रियक आणि सशर्त विधान. पाठ्यपुस्तकांत त्यांची तीन वेगळी प्रकरणे असतात आणि विद्यार्थी ती सुटीसुटी पाठ करतो. व्यवहारातला कोणताही नियम मात्र या तिहींचा मिळून बनलेला असतो. नियमात काही आकडे ठरवून दिलेले असतात, त्यांच्याशी काही अटी निगडित असतात आणि त्या अटी ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ या शब्दांनी एकमेकींशी बांधलेल्या असतात. म्हणून नवशिक्याला आधीच ठाऊक असलेला एखादा नियम घ्यावा आणि त्याच्या आधारे तिन्ही संकल्पना एकत्र शिकवाव्यात, अशी या लेखाची भूमिका आहे.

करवीर तालुक्यातील उचगाव हे अशा शिक्षणाला अनुकूल गाव आहे. कोल्हापूर शहराला लागून, पुणे-बेंगळुरू महामार्गाजवळ ते वसले आहे. शेजारी गांधीनगरची कापडाची घाऊक बाजारपेठ आहे, जवळच गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत आहे आणि सभोवती पंचगंगेच्या खोऱ्यातील उसाची शेती आहे. या पट्ट्यातील मुलगा किंवा मुलगी संगणकासमोर बसण्यापूर्वीच उसाचे बिल, दूध संस्थेचे बिल आणि विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर यांच्याशी परिचित असते. इंग्रजी पुस्तकांतील उदाहरणे त्यांच्यापुढे ठेवण्यापूर्वी या तीन परिचित गोष्टींचा पूर्ण उपयोग करून घ्यावा.

उसाला मिळणाऱ्या किमान दराला रास्त व किफायतशीर दर म्हणतात. बोलण्यात सर्वजण त्याला ‘एफआरपी’ म्हणतात. केंद्र सरकार तो दर हंगामासाठी जाहीर करते आणि तो साखर उताऱ्याशी, म्हणजे गाळलेल्या उसातून शेकडा किती साखर निघाली या प्रमाणाशी बांधलेला असतो. २०२५-२६ च्या हंगामाचा नियम असा आहे : १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये. त्यावरील प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये अधिक. त्याखालील प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये कमी. मात्र उतारा ९.५ टक्क्यांच्या खाली गेला तर आणखी कपात नाही, अशा उसाला ३२९.०५ रुपये मिळतील. या एका नियमात नवशिक्याचे बहुतेक सारे धडे सामावलेले आहेत.

प्रथम स्थिरांकाचा विचार करू. आज्ञावली चालू असताना ज्याचे मूल्य बदलत नाही अशा नामांकित राशीला स्थिरांक म्हणतात आणि ज्याचे मूल्य बदलू शकते त्या राशीला चल म्हणतात. उतारा हा चल आहे, कारण तो कारखान्यागणिक आणि हंगामागणिक वेगळा असतो. ३५५, १०.२५, ३.४६ आणि ९.५ हे स्थिरांक आहेत. ३२९.०५ हा आकडा स्थिरांक म्हणून लिहावा का, हा प्रश्न वर्गात अवश्य विचारावा. १०.२५ मधून ९.५ वजा केल्यास ०.७५ उरते, म्हणजे ०.१ चे साडेसात टप्पे होतात. साडेसात गुणिले ३.४६ म्हणजे २५.९५. ३५५ मधून ते वजा केले की ३२९.०५ मिळतात. म्हणजे हा आकडा स्वतंत्र नाही, तो इतर चार आकड्यांतून निष्पन्न होतो. जे निष्पन्न करता येते ते हाताने लिहू नये, कारण पुढे मूळ आकडे बदलले आणि हा बदलायचा राहिला तर आज्ञावली दोन तोंडांनी बोलू लागते. याच गणितातून आणखी एक गोष्ट कळते. अर्धा टप्पाही हिशेबात धरला जातो हे आदेशातील आकड्यावरूनच सिद्ध होते, त्यासाठी वेगळे विचारावे लागत नाही.

स्थिरांकांचे तीन वर्ग पाडता येतात. पहिला वर्ग गणिती स्थिरांकांचा. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण असून आर्यभटाने ते ६२,८३२ भागिले २०,००० म्हणजे ३.१४१६ असे दिले होते. हा स्थिरांक कोणाच्याही आदेशाने बदलत नाही, आपल्याला त्याचे अधिकाधिक अंक तेवढे कळत जातात. दुसरा वर्ग भौतिक स्थिरांकांचा आहे, उदाहरणार्थ प्रकाशाचा निर्वात पोकळीतील वेग. तिसरा वर्ग आदेशाने किंवा संकेताने ठरणाऱ्या स्थिरांकांचा. परीक्षेतील उत्तीर्णतेचे ३५ गुण, मतदानाचे १८ वर्षे वय आणि ऊसदरातील वरील आकडे या वर्गात येतात. व्यवहारातील आज्ञावलींत सर्वाधिक वावर याच तिसऱ्या वर्गाचा असतो आणि शिकवताना नेमकी त्याचीच उपेक्षा होते.

या वर्गातील राशी आज्ञावली चालू असताना स्थिर असतात, पण एका हंगामातून दुसऱ्या हंगामात जाताना बदलतात. २०२३-२४ मध्ये मूळ दर ३१५ रुपये आणि टप्प्याची रक्कम ३.०७ रुपये होती. २०२४-२५ मध्ये ते आकडे ३४० आणि ३.३२ झाले, २०२५-२६ मध्ये ३५५ आणि ३.४६. मूळ उताऱ्याचा आकडा त्या मानाने टिकाऊ वाटतो, पण तोही अढळ नाही. २०१८-१९ मध्ये तो ९.५ वरून १० वर आणि २०२२-२३ मध्ये १० वरून १०.२५ वर नेण्यात आला. ऊस पिकवणाऱ्या भागात या बदलावर किती चर्चा झाली, किती मोर्चे निघाले हे सर्वज्ञात आहे. आज्ञावली लिहिणाऱ्याने त्यातून घ्यायचा बोध तांत्रिक आहे : असा आकडा आज्ञावलीच्या माथ्यावर एकदाच, नावानिशी लिहावा आणि खाली सर्वत्र ते नावच वापरावे. तो दहा ठिकाणी उघडा लिहिला तर नव्या हंगामात नऊ ठिकाणी बदलला जातो आणि दहाव्या ठिकाणी राहून जातो. नुसता आकडा वाचणाऱ्याला स्वतःचा अर्थही सांगत नाही. ९.५ हे कधी मूळ उताऱ्याचे प्रमाण होते, आज ते कपातीची मर्यादा आहे. नाव दिले की हा घोळ उरत नाही.

वेगवेगळ्या आज्ञावली-भाषांनी स्थिरांकाची सोय वेगवेगळ्या प्रकारे केली आहे. निक्लाउस विर्थ यांनी १९७० मध्ये, मुख्यतः अध्यापनाच्या हेतूने, पास्कल ही भाषा रचली. तिच्यात स्थिरांकांचा विभाग चलांच्या विभागाआधी लिहावा लागे. विद्यार्थ्याला शिस्त लावण्याचा तो उत्तम मार्ग होता आणि आजच्या शिक्षकानेही, भाषा कोणतीही असो, तोच क्रम पाळावा. सी भाषेत आरंभी शब्दाच्या जागी आकडा बसवून देणारी पूर्वसंस्कारक आज्ञा वापरत. राशी स्थिर ठरवणारा ‘कॉन्स्ट’ हा शब्द १९८९ च्या प्रमाणित सी भाषेत आला. जावास्क्रिप्टमध्ये तो २०१५ च्या प्रमाणकात आला. आज नवशिक्यांना सर्वाधिक शिकवल्या जाणाऱ्या पायथॉन भाषेत मात्र खऱ्या अर्थाने स्थिरांक नाहीत. ज्या राशीचे मूल्य बदलायचे नाही तिचे नाव मोठ्या रोमन अक्षरांत लिहावे, असा केवळ संकेत आहे. तो मोडला तरी संगणक हरकत घेत नाही.

येथे मराठी विद्यार्थ्यापुढे एक खास अडचण उभी राहते. पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून चलांची नावे देवनागरीत लिहिता येतात. उतारा, दर, वजन अशी नावे संगणक विनातक्रार स्वीकारतो आणि देवनागरी अंकांत टाईप केलेली संख्या पूर्णांकात रूपांतरितही करतो. आज्ञावलीच्या मजकुरात थेट लिहायचे आकडे मात्र रोमन वळणाचेच लागतात. अडचण अशी की देवनागरीत मोठी आणि लहान अक्षरे असा भेदच नाही, त्यामुळे मोठ्या अक्षरांचा संकेत आपल्याकडे लागू पडत नाही. त्यावर साधा उपाय आहे. प्रत्येक स्थिरांकाच्या नावाआधी ‘स्थिर’ हा शब्द जोडावा. ऊसदराच्या आज्ञावलीचा माथा मग असा दिसेल (वाचनाच्या सोयीसाठी येथे आकडे देवनागरीत दिले आहेत, संगणकावर ते रोमन वळणाचे लिहावेत) :

स्थिर_मूळ_दर = ३५५.००
स्थिर_मूळ_उतारा = १०.२५
स्थिर_टप्पा_रक्कम = ३.४६
स्थिर_किमान_उतारा = ९.५

आता सशर्त विधानाकडे वळू. एखादी अट खरी असेल तर एक काम आणि खोटी असेल तर दुसरे काम सांगणाऱ्या सूचनेला सशर्त विधान म्हणतात. मराठीत त्याचा साचा ‘जर… तर… नाहीतर’ असा आहे. अट नेहमी असे वाक्य असते की ज्याला ‘खरे’ किंवा ‘खोटे’ यांपैकी एकच उत्तर संभवते. ‘उतारा चांगला आहे’ ही अट होऊ शकत नाही, ‘उतारा १०.२५ पेक्षा जास्त आहे’ ही होऊ शकते. चांगल्याला आकडा देण्याची ही सक्ती विद्यार्थ्याला प्रथम जाचक वाटते, पण आज्ञावली-लेखनाचा खरा आरंभ तेथेच होतो.

यंत्राला अट पाहून मार्ग बदलायला लावण्याची कल्पना जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात चार्ल्स बॅबेज यांनी आखलेल्या विश्लेषक यंत्राच्या आराखड्यात ती होती. ते यंत्र पूर्णत्वास गेले नाही. जर्मनीत कॉनराड झुसे यांनी १९४१ मध्ये उभारलेले झेड ३ हे आज्ञावलीवर चालणारे यंत्र मात्र अटीनुसार शाखा बदलू शकत नव्हते. १९५७ मध्ये आलेल्या फोर्ट्रान भाषेत सशर्त विधानाचा एक वेगळाच प्रकार होता. राशी ऋण असेल तर एका ओळीकडे, शून्य असेल तर दुसऱ्या आणि धन असेल तर तिसऱ्या ओळीकडे उडी घ्यावी, अशी ती त्रिमार्गी सूचना होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक आला, तेव्हा त्यावर काम करणारे फोर्ट्रान वापरत. आज आपण वापरतो ते ‘जर-तर-नाहीतर’ रूप जॉन मॅकार्थी यांच्या विचारातून आणि अल्गोल ६० या भाषेतून रूढ झाले.

ऊसदराचा नियम नवशिक्या साहजिकच तीन शाखांत लिहितो :

जर उतारा > स्थिर_मूळ_उतारा तर मूळ दरात वाढ
नाहीतर जर उतारा >= स्थिर_किमान_उतारा तर मूळ दरात कपात
नाहीतर किमान उताऱ्याचा दर

हे लेखन बरोबर आहे. शिक्षकाने ते प्रथम मान्य करावे आणि मग पुढचा प्रश्न टाकावा : वाढीचे सूत्र आणि कपातीचे सूत्र यांत फरक काय? वाढीत उताऱ्यातून १०.२५ वजा करून टप्पे काढतात. कपातीत १०.२५ मधून उतारा वजा करून टप्पे काढतात आणि येणारी रक्कम मूळ दरातून वजा करतात. दोन्ही ठिकाणी टप्प्याची रक्कम ३.४६ च आहे. म्हणजे पहिलेच सूत्र ठेवले तर कमी उताऱ्याला टप्पे आपोआप ऋण येतात आणि कपात आपोआप होते. मग तीन शाखांची गरज उरत नाही, एक अट पुरते :

जर उतारा < स्थिर_किमान_उतारा तर उतारा = स्थिर_किमान_उतारा
दर = स्थिर_मूळ_दर + (उतारा − स्थिर_मूळ_उतारा) × १० × स्थिर_टप्पा_रक्कम

उतारा १२ टक्के असेल तर १.७५ चे साडेसतरा टप्पे, त्यांचे ६०.५५ रुपये आणि दर ४१५.५५ रुपये क्विंटल, म्हणजे टनाला ४,१५५ रुपये ५० पैसे. त्यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होऊन शेतकऱ्याच्या हाती रक्कम येते, तो हिशेब वेगळा. उतारा ९.८ असेल तर ३३९.४३ रुपये, आणि ९ असेल तर ३२९.०५ रुपये. सशर्त विधान लिहायला शिकवणे जितके आवश्यक आहे तितकेच अनावश्यक अट काढून टाकायला शिकवणेही आवश्यक आहे, आणि हा नियम त्यासाठी फार उपयोगी पडतो. सूत्र एक झाल्याचा आणखी एक लाभ असा की सीमेवरची चिंता मिटते. नेमक्या ९.५ उताऱ्याला ‘पेक्षा कमी’ लिहिले काय किंवा ‘पेक्षा कमी अथवा बरोबर’ लिहिले काय, उत्तर तेच येते.

सर्वत्र असे नसते. उत्तीर्णतेच्या अटीत ‘गुण > ३५’ असे लिहिले तर नेमके ३५ गुण मिळवलेला विद्यार्थी अनुत्तीर्ण ठरतो. ‘गुण >= ३५’ असेच लिहावे लागते. नवशिक्यांच्या चुकांत या सीमेवरच्या चुका सर्वांत जास्त आढळतात. म्हणून प्रत्येक आज्ञावली तीन मूल्यांवर तपासण्याची सवय लावावी : सीमेच्या लगत खाली, नेमक्या सीमेवर आणि सीमेच्या लगत वर.

एकाहून अधिक अटी ओळीने लिहिल्या असता जी पहिली खरी ठरते तिचेच काम होते, पुढच्या पाहिल्याच जात नाहीत. म्हणून विशेष अट आधी आणि सामान्य अट नंतर लिहावी लागते. ही दृष्टी आपल्या परंपरेला नवी नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीत सामान्य नियमाला उत्सर्ग आणि त्याला बाधित करणाऱ्या विशेष नियमाला अपवाद मानतात, आणि अपवाद उत्सर्गापेक्षा बलवान असतो. सुमारे चार हजार सूत्रांची ती रचना या बलाबलाच्या व्यवस्थेवर उभी आहे. संस्कृत व्याकरण थोडेफार शिकलेल्या विद्यार्थ्याला ‘नाहीतर जर’ची साखळी समजावून देणे म्हणूनच सोपे जाते.

तार्किक क्रियक हा तिसरा विषय, आणि माझ्या मते तिघांत सर्वांत खोल. बेरीज-वजाबाकीची चिन्हे संख्यांवर क्रिया करून संख्या देतात. त्याप्रमाणे तार्किक क्रियक ‘खरे’ आणि ‘खोटे’ या दोन मूल्यांवर क्रिया करून त्यांपैकीच एक मूल्य देतात. मुख्य क्रियक तीन आहेत. ‘आणि’ने जोडलेली अट दोन्ही बाजू खऱ्या असतील तरच खरी असते. ‘किंवा’ने जोडलेली अट किमान एक बाजू खरी असली की खरी असते, दोन्ही खऱ्या असल्या तरी खरीच. ‘नाही’ हा क्रियक एकाच अटीवर काम करतो आणि तिचे मूल्य उलटे करतो. दोन अटींच्या चार शक्यता मांडून प्रत्येकीचे उत्तर लिहिले की सत्यता सारणी तयार होते. ती पाठ करून घेऊ नये, प्रत्येक विद्यार्थ्याकडून एकदा हाताने भरून घ्यावी.

या गणिताचा पाया जॉर्ज बूल या स्वशिक्षित इंग्रज गणितज्ञाने घातला. १८४७ मध्ये त्यांची तर्कशास्त्राच्या गणिती विश्लेषणावरील पुस्तिका प्रसिद्ध झाली आणि १८५४ मध्ये विचारांच्या नियमांवरील मुख्य ग्रंथ. त्यांच्या पत्नी मेरी एव्हरेस्ट बूल या भारताचे महासर्वेक्षक जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या पुतणी होत्या. बालकांना गणित कसे शिकवावे याविषयीचे त्यांचे लेखन शिक्षकांनी आजही वाचण्यासारखे आहे. बूल यांचे समकालीन ऑगस्टस डी मॉर्गन यांचा जन्म तर १८०६ मध्ये मदुराईत झाला होता. बूल यांचे बीजगणित विजेच्या मंडलांना लागू पडते हे क्लॉड शॅनन यांनी १९३७ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील पदव्युत्तर प्रबंधात दाखवून दिले, आणि अंकीय संगणकाच्या रचनेला शास्त्रीय अधिष्ठान मिळाले.

शॅनन यांनी जे दाखवले ते उचगावच्या रानातील विहिरीवर रोज घडते. मोटारीच्या स्टार्टरला एक हिरवे बटण असते आणि एक तांबडे. हिरवे दाबून सोडले तरी मोटार चालूच राहते, कारण आतील संपर्कक एकदा ओढला गेला की त्याचाच एक साहाय्यक संपर्क हिरव्या बटणाला समांतर वाट करून देतो. तांबडे बटण दाबले की ही वाट तुटते. तार्किक भाषेत हा नियम असा होतो :

मोटार चालू = (हिरवे दाबलेले किंवा मोटार आधीच चालू) आणि (तांबडे दाबलेले नाही)

तिन्ही क्रियक या एका वाक्यात आहेत. समांतर जोडणी म्हणजे ‘किंवा’, एकसर जोडणी म्हणजे ‘आणि’, आणि दाबल्यावर तुटणारा संपर्क म्हणजे ‘नाही’. वीज गेली की ‘मोटार आधीच चालू’ हे खोटे होते, म्हणून वीज परत आल्यावर मोटार आपोआप सुरू होत नाही. ती आपोआप सुरू व्हावी यासाठी शेतकऱ्याला वेगळा ‘ऑटो’ बसवावा लागतो. कंसाचे महत्त्वही येथेच समजते. बहुतेक आज्ञावली-भाषांत कंस नसेल तर ‘आणि’ आधी सोडवला जातो आणि ‘किंवा’ नंतर. वरील वाक्यातील पहिला कंस काढला तर अर्थ होतो : हिरवे दाबलेले असेल किंवा, मोटार आधीच चालू असून तांबडे दाबलेले नसेल. दोन्ही बटणे एकाच वेळी दाबली गेली तर पहिल्या नियमानुसार मोटार बंद राहते, दुसऱ्यानुसार चालू होते. सुरक्षिततेसाठी तांबड्याचा शब्द अखेरचा असावा लागतो, म्हणून पहिलाच नियम योग्य.

दैनंदिन बोलणे आणि तार्किक भाषा यांच्यातील तफावत दूध संस्थेच्या उदाहरणातून दाखवता येते. ‘येथे गायीचे आणि म्हशीचे दूध घेतले जाते’ असे आपण म्हणतो. हेच वाक्य अट म्हणून लिहायचे तर ‘प्रकार गाय आहे किंवा प्रकार म्हैस आहे’ असे लिहावे लागते, कारण एकच दूध दोन्ही असू शकत नाही. ‘आणि’ लिहिले तर अट कधीच खरी होणार नाही आणि संस्थेत थेंबभरही दूध स्वीकारले जाणार नाही. दुसरी चूक अशी : ‘प्रकार गाय आहे किंवा म्हैस’ असे लिहायचे. माणसाला ते कळते. कित्येक भाषांत मात्र ‘किंवा’च्या उजवीकडचा एकटा शब्द हीच एक स्वतंत्र अट समजली जाते, कोणताही अरिक्त मजकूर ‘खरा’ धरला जातो आणि सारी अट नेहमीच खरी ठरते. शेळीचे दूधही मग आत जाते. प्रत्येक बाजू पूर्ण वाक्य असली पाहिजे, हा नियम आरंभीच रुजवावा.

दुधाचा दर फॅट आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश आणि स्निग्धेतर घनपदार्थ, यांवर ठरतो. गायीच्या दुधासाठी ३.५ फॅट व ८.५ एसएनएफ आणि म्हशीच्या दुधासाठी ६.० फॅट व ९.० एसएनएफ हे प्रमाण धरून दर सांगण्याची रीत महाराष्ट्रात रूढ आहे. म्हशीचे दूध प्रमाणात असण्याची अट ‘फॅट >= ६.० आणि एसएनएफ >= ९.०’ अशी झाली. आता ‘प्रमाणात नाही’ हे कसे लिहायचे? वर्गातील बहुसंख्य विद्यार्थी ‘फॅट < ६.० आणि एसएनएफ < ९.०’ असे लिहितात. पाणी मिसळलेले दूध या अटीत सापडते, कारण पाण्याने दोन्ही घटतात. साय काढलेले दूध मात्र निसटते. त्यात फॅट कमी असते, एसएनएफ कमी नसते. बरोबर अट ‘फॅट < ६.० किंवा एसएनएफ < ९.०’ ही आहे. ‘नाही’ कंसाच्या आत नेताना ‘आणि’चे ‘किंवा’ होते आणि ‘किंवा’चे ‘आणि’ होते. हाच डी मॉर्गन यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम होय.

तिन्ही क्रियकांचा कस पाहणारे दुसरे उत्तम उदाहरण लीप वर्षाचे आहे : वर्षाला ४ ने भाग जातो आणि १०० ने जात नाही, किंवा ४०० ने जातो. २००० हे लीप वर्ष होते, १९०० नव्हते, २१०० नसेल.

यंत्रशाळेत हेच ज्ञान थेट कामास येते. गोकुळ शिरगाव आणि शिरोलीच्या औद्योगिक वसाहतींत ओतकामाचे सुटे भाग सीएनसी, म्हणजे संगणकनियंत्रित, यंत्रांवर घडवले जातात. फॅनुक नियंत्रकांवरील मॅक्रो लेखनात अटी लिहिण्यासाठी तुलनाचिन्हांऐवजी ईक्यू, एनई, जीटी, एलटी, जीई, एलई हे अक्षरसंक्षेप वापरतात आणि अट खरी ठरली तर ठरावीक क्रमांकाच्या ओळीकडे उडी घेतात. जर-तर समजलेल्या मुलाला हे संक्षेप आत्मसात करणे जड जात नाही. प्रेस यंत्रावर दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याखेरीज ठोका पडू नये, ही कामगाराच्या बोटांचे रक्षण करणारी व्यवस्थाही ‘आणि’ या क्रियकावरच उभी असते.

अपूर्णांकांविषयी एक सावधगिरी शिकवणाऱ्याने अवश्य बाळगावी. संगणक संख्या द्विमान पद्धतीत साठवतो. १०.२५ आणि ९.५ हे आकडे त्या पद्धतीत तंतोतंत मांडता येतात, ३.४६ मांडता येत नाही. तो अगदी सूक्ष्म फरकाने साठवला जातो. म्हणून पैशांचा हिशेब पैशांत, म्हणजे ३४६ असा पूर्णांकात, करावा आणि अपूर्णांकी रकमा ‘बरोबर आहे का’ अशा अटीने तपासू नयेत.

मराठीतून हे सारे शिकण्याची साधने वाढत आहेत. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने चालवलेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातील सी आणि सी++ विषयक पाठांत तार्किक क्रियक आणि सशर्त विधाने आहेत, आणि प्रकल्पातील कित्येक पाठ मराठी निवेदनासह विनामूल्य मिळतात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शाळेच्या पायाभूत टप्प्यापासूनच संगणकीय विचारावर भर देण्याचे सुचवले आहे. साधनांपेक्षा उदाहरणांची निवड अधिक महत्त्वाची आहे, आणि ती स्थानिक शिक्षकच करू शकतो.

तिन्ही संकल्पना झाल्यावर द्यायचा सराव म्हणून दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांच्या स्थिरांकाहून योग्य काही नाही. देवळालीत शाळाशिक्षक असलेल्या कापरेकरांनी (१९०५-१९८६) शोधलेला ६१७४ हा आकडा जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून येणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करावी आणि उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. २०२४ पासून आरंभ केला तर ३९९६, ६२६४, ४१७६ आणि मग ६१७४ येते. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ गाठले जाते आणि पुढे तेच राहते. ६१७४ हा माथ्यावर लिहायचा स्थिरांक. ‘संख्या ९९९ पेक्षा मोठी आणि १०,००० पेक्षा लहान, आणि चारही अंक समान नाहीत’ ही प्रवेशाची अट. ११११ सारख्या संख्येतून शून्य येते म्हणून अटीचा शेवटचा भाग आवश्यक. या सरावात एक सापळा आहे आणि तो विद्यार्थ्यांना आधी सांगू नये. २१११ घेतली तर २१११ वजा १११२ म्हणजे ९९९ येते. आज्ञावली तिला तीन अंकी समजली तर ९९९ वजा ९९९ शून्य होते आणि क्रिया तेथेच संपते. ‘संख्या १,००० पेक्षा लहान असेल तर तिच्याआधी शून्य लिहून चार अंक पूर्ण कर’ ही अट फेरीच्या आत घातली की ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१ मिळते, आणि पुढे ८०८२, ८५३२ या वाटेने पाचव्या वजाबाकीला ६१७४ येते.